मुलाच्या हाती गाडी देताना

एसएसएलसीचा, म्हणजे दहावीचा, निकाल लागला की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या अनेक घरांत एकाच प्रश्नावर खल सुरू होतो: पीयू (अकरावी-बारावीचे) कॉलेज गावापासून दहा-पंधरा किलोमीटरवर आहे, तर पोर रोज जाणार कसे? मुलींपुरता हा प्रश्न ११ जून २०२३ पासून बराच हलका झाला आहे, कारण शक्ती योजनेमुळे कर्नाटकच्या साध्या सरकारी बसमध्ये त्यांना तिकिटाचे पैसे पडत नाहीत. मुलाला मात्र पास काढावा लागतो, बस आधीच खच्चून भरलेली येते, कधी थांब्यावर न थांबताच पुढे निघून जाते, आणि पहिला तास दोन-चार वेळा बुडाला की घरातली स्कूटर किंवा मोटरसायकल हळूहळू त्याच्या हाती जाते. हा निर्णय कोणी बसून, विचार करून घेतलेला नसतो. तो आपोआप होऊन जातो, आणि माझ्या मते सगळ्या अडचणीचे मूळ तिथेच आहे.

गाडी चालवायला शिकणे ही आठवड्याभराची गोष्ट आहे. सायकल येणाऱ्या मुलाला क्लच, गिअर आणि ब्रेक यांचा मेळ बसवायला त्याहून जास्त वेळ लागत नाही. रस्त्यावर पुढच्या पाच-दहा सेकंदांत काय घडू शकेल हे ओळखायला शिकणे मात्र दोन-तीन वर्षांचे काम आहे. नवख्या चालकाचे बहुतेक गंभीर अपघात या दोन शिक्षणांच्या मधल्या काळात घडतात. त्या काळात मुलगा कोणत्या रस्त्याने, किती वाजता, कोणाला मागे बसवून आणि किती वेगाने जाईल, हे ठरवणारा कोणताही पोलीस रोज त्याच्याबरोबर नसतो. ते ठरवायचे झाले तर घरालाच ठरवावे लागते. (इथे सोयीसाठी 'मुलगा' असे लिहिले असले तरी स्कूटर चालवणाऱ्या मुलीलाही यातले सगळे तितकेच लागू आहे.)

भीती घालण्यासाठी नव्हे, पण प्रश्नाचा आकार कळावा म्हणून दोन आकडे सांगतो. भारतात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली, आणि त्यांतली सुमारे ४५ टक्के दुचाकीवरची होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे ५ ते २९ या वयोगटातल्या मृत्यूंचे जगभरातले पहिल्या क्रमांकाचे कारण रस्ते अपघात हेच आहे.

कायदा नेमके काय म्हणतो

मोटार वाहन कायदा, १९८८ हा सगळ्या देशाला एकच आहे. त्याच्या कलम ४ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन चालवायला वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. याचा साधा अर्थ असा, की पहिली आणि दुसरी पीयूसी ही दोन्ही वर्षे, बहुतेक मुलांच्या बाबतीत, कायद्याने गाडी चालवण्याची नाहीतच. १६ व्या वर्षी परवाना मिळतो हे अनेकांनी ऐकलेले असते आणि ते खोटेही नाही. पण तो ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाच्या दुचाकीपुरता असतो, आणि तशा पेट्रोल गाड्या आता दुकानांत जवळजवळ मिळतच नाहीत. ११० सीसीची स्कूटर गिअरची नाही म्हणून ती १६ व्या वर्षी चालते, हा समज चुकीचा आहे.

२०१९ साली या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि त्यात कलम १९९अ नव्याने आले. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर त्याचे पालक किंवा गाडीचा मालक यांनाच दोषी धरले जाते आणि त्यांना ३ वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. त्या गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते, आणि मुलाला वयाची २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना मिळत नाही. शेवटची तरतूद पालकांच्या फारशी लक्षात येत नाही, पण नोकरीच्या शोधात पुण्याला किंवा बंगळुरूला जाणाऱ्या आपल्या मुलांच्या दृष्टीने ती दंडाहूनही जड आहे. 'तो मला न विचारता गाडी घेऊन गेला' असे म्हणून सुटता येते का? येते, पण ते सिद्ध करण्याचे ओझे पालकावर असते. न्यायालय सुरुवातीला हेच गृहीत धरते की गाडी पालकाच्या संमतीने गेली. किल्ली दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली असेल आणि मुलगा महिनाभर रोज त्याच गाडीने कॉलेजला जात असेल, तर हा बचाव कितपत टिकेल याचा अंदाज कोणालाही येईल.

सीमाभागात राहणाऱ्यांचा एक वेगळा गोंधळ असतो. कोगनोळीचा नाका ओलांडला की महाराष्ट्र, अलीकडे कर्नाटक, त्यामुळे नियमही बदलत असतील असे वाटते. बदलते ती काही किरकोळ गुन्ह्यांच्या तडजोडीच्या (खटला न चालवता भरून मिटवायच्या) दंडाची रक्कम, कारण ती ठरवण्याचा अधिकार राज्यांना आहे. हेल्मेट नसल्याचा केंद्राचा १,००० रुपयांचा दंड कर्नाटकाने सप्टेंबर २०१९ मध्ये ५०० वर आणला, तो असा. वयाची अट, परवान्याची अट आणि कलम १९९अ चंदगडला, कागलला आणि खानापूरला अक्षरशः सारखेच आहे.

दंडापेक्षा मोठा प्रश्न विम्याचा आहे, आणि तो जरा सविस्तर समजून घेण्यासारखा आहे. 'गाडीचा इन्शुरन्स आहे ना, मग झाले' असे आपण सहज म्हणतो. परवाना नसलेल्या मुलाच्या गाडीने दुसऱ्या कोणाचा जीव गेला, तर न्यायालय पुष्कळदा विमा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावते आणि मग तीच रक्कम गाडीच्या मालकाकडून वसूल करण्याची मुभा देते. ही रक्कम किती असू शकते हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, मृत व्यक्ती २८ वर्षांचा गवंडी होता, महिन्याला १५,००० रुपये मिळवत होता, आणि त्याच्यावर आई, पत्नी व दोन मुले अवलंबून होती. वर्षाचे उत्पन्न झाले १,८०,०००. सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेल्या पद्धतीप्रमाणे, स्वतःचा रोजगार करणाऱ्या चाळिशीच्या आतल्या माणसाच्या उत्पन्नात पुढे होणाऱ्या वाढीपोटी ४० टक्के मिळवतात, म्हणजे २,५२,०००. त्यातून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक चतुर्थांश भाग वजा केला की १,८९,००० उरतात. २६ ते ३० या वयासाठी गुणक, म्हणजे या वार्षिक रकमेला ज्याने गुणायचे तो आकडा, १७ आहे. गुणाकार होतो ३२,१३,००० रुपये, आणि त्यावर व्याज व अंत्यविधीचा खर्च वगैरे इतर रकमा वेगळ्या. ही रक्कम उभी करायची तर आपल्या भागातल्या मध्यम शेतकऱ्याला जमीनच विकावी लागेल. शिवाय स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा परवाना नसल्याने बहुधा फेटाळला जातो, तो वेगळाच.

मग दोन वर्षे करायचे काय? ताशी २५ किलोमीटरपेक्षा जास्त वेग न घेणाऱ्या आणि २५० वॉटपर्यंतच्या मोटरच्या विजेच्या दुचाकीला कायदा मोटार वाहन मानत नाही, म्हणून तिला परवाना किंवा नोंदणी लागत नाही. गावातल्या गावात किंवा बसथांब्यापर्यंत जायला ती पुरते. ती घेताना मात्र मान्यतेचा कागद मागून घ्यावा, आणि 'वायर बदलली की पन्नासने पळते' असे कोणी सांगितले तर तसे करू नये, कारण ती बदलल्या क्षणी ती बिनपरवान्याची मोटरसायकल होते. बाकी उपाय जुनेच आहेत: सायकल, बसचा पास, किंवा एका गल्लीतल्या चार-पाच पालकांनी मिळून महिन्याच्या बोलीवर ठरवलेली रिक्षा किंवा व्हॅन. महाग वाटतात खरे, पण वरचा गुणाकार पाहिल्यावर तितके वाटू नयेत.

हात शिकतो, नजर मागे राहते

अठरावे संपले, परवाना मिळाला, की धोका संपला असे मात्र नाही. परवाना मिळाल्यानंतरचे पहिले काही महिने सर्वांत धोक्याचे असतात, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसून आले आहे. याची कारणे मुलाच्या उर्मटपणात शोधण्याची आपल्याला सवय आहे, पण पुष्कळ चांगली, शांत स्वभावाची मुलेही पहिल्या वर्षात आपटतात.

पहिले कारण नजरेचे आहे. अनुभवी चालक दूरवर पाहतो, त्याची नजर दोन्ही कडांवर आणि आरशांत सतत फिरत असते. नवखा चालक चाकासमोरच्या थोड्याशा रस्त्यावर खिळलेला असतो, कारण त्याचे निम्मे लक्ष अजून गाडी सांभाळण्यातच गुंतलेले असते. सुळगे-उचगाव रस्त्याने जाताना डाव्या हाताला गोठा दिसला की तिथून म्हैस बाहेर येऊ शकते, थांबलेल्या बसच्या पुढून पोर धावत येऊ शकते, आणि उजव्या बाजूला शेतात उतरणारी चाकोरी दिसली की पुढचा ट्रॅक्टर हात न दाखवता तिकडे वळू शकतो, हे आपल्याला इतके अंगवळणी पडलेले असते की आपण ते पाहतो आहोत हेच आपल्या लक्षात येत नाही, आणि म्हणून मुलाला ते शिकवायचे असते हेही सुचत नाही. ब्रिटनने २००२ साली परवान्याच्या परीक्षेत चित्रफीत दाखवून धोका ओळखायला लावणारा वेगळा भाग जोडला, तो याच कारणासाठी.

दुसरे कारण मेंदूच्या वाढीचे आहे. परिणामांचा विचार करून स्वतःला आवरणारा, कपाळामागचा मेंदूचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत असतो, तर थरार आणि वाहवा यांना प्रतिसाद देणारे भाग त्याआधीच जोरात असतात. म्हणूनच बरोबर कोण आहे याने फार फरक पडतो. संगणकावरच्या गाडी चालवण्याच्या खेळात किशोरवयीन मुलांनी मित्र बघत असताना एकट्याने खेळण्यापेक्षा स्पष्टपणे जास्त धोके पत्करले; प्रौढांच्या बाबतीत तसा फरक पडला नाही. गाडीत समवयस्क जितके जास्त तितका जीवघेण्या अपघाताचा धोका जास्त, हे अमेरिकेतल्या अपघातांच्या नोंदींतही दिसते. आंबोलीला पाऊस बघायला, चोर्ला घाटातून गोव्याला किंवा शिवज्योत आणायला रात्री निघालेल्या पाच-सहा गाड्यांच्या ताफ्यात प्रत्येक मुलगा एकटा असता तर चालवला नसता तितक्या वेगाने गाडी चालवतो. त्याच मुलाला आजीला दवाखान्यात न्यायला सांगा. तो तीसच्या वर जाणार नाही.

उसाची ट्रॉली आणि वेगाचा हिशेब

आता या भागातले सर्वांत ओळखीचे संकट घेऊ. ऊस गळीत हंगामात, म्हणजे साधारण नोव्हेंबरपासून पुढचे चार-पाच महिने, चिकोडी, निपाणी, संकेश्वर, अथणी या बाजूच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस चाललेले असतात. मागच्या ट्रॉलीला लाल दिवा बहुधा नसतोच, परावर्तक पट्टी असली तर चिखलाने किंवा लोंबणाऱ्या उसाच्या शेंड्यांनी झाकलेली असते. पंक्चर झालेली ट्रॉली रस्त्यावरच उभी राहते, तिच्या चाकांना मोठे दगड लावतात, मागे दोन फांद्या टाकतात, आणि ट्रॉली गेल्यावर ते दगड पुष्कळदा तिथेच राहतात.

समजा, अंधारात खालच्या झोताच्या प्रकाशात अशी उभी ट्रॉली ४० मीटरवर दिसली. दिसल्यापासून मेंदूने ओळखून हात ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद जातो असे धरू. नवख्याला यापेक्षा कमी वेळ लागेल अशी आशा करू नये. ताशी ४० किलोमीटर वेगाने या दीड सेकंदात गाडी सुमारे १७ मीटर जाते, आणि कोरड्या डांबरावर चांगले ब्रेक दाबले तर आणखी ९ मीटरांत थांबते. एकूण २६ मीटर, म्हणजे ट्रॉलीच्या बरीच अलीकडे. ताशी ६० ला ब्रेक लागण्याआधीच २५ मीटर संपलेले असतात आणि थांबायला पुढे आणखी २० लागतात. हे झाले ४५, म्हणजे फक्त ५ मीटरांची चूक. पण त्या ५ मीटरांमुळे गाडी ट्रॉलीवर साधारण ताशी ३० च्या वेगाने आदळते. आणि ताशी ८० ला? ब्रेक लागेपर्यंतच ३३ मीटर गेलेले असतात, उरलेल्या ७ मीटरांत वेग जेमतेम ७२ पर्यंत उतरतो, आणि आदळतो तो मुलगा ७२ च्या वेगाने. साठवरून ऐंशीवर जाताना वेग एक तृतीयांशाने वाढला, पण धडकेचा वेग तीसवरून बहात्तरवर गेला. ब्रेक लागल्यावर थांबायला लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणून हे असे होते. भौतिकशास्त्रात मुले हे समीकरण दुसऱ्या पीयूसीच्या आधीच शिकलेली असतात, फक्त ते रस्त्याशी कोणी जोडून दाखवलेले नसते.

हे सगळे आकडे कोरड्या रस्त्याचे आहेत. पावसात टायरची पकड बरीच कमी होते, आणि खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे जूनपासून महिनोन्महिने रस्ता ओलाच असतो. पहिल्या पावसात डांबरावरचे तेल आणि धूळ वर येऊन निसरडा थर बनतो, आणि शेतातून बाहेर पडणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल त्यात भर घालतो. अशा वेळी आधीपेक्षा निदान पंधरा-वीसने वेग कमी ठेवावा.

चालत्या उसाच्या ट्रॅक्टरला ओलांडणे हा आणखी एक हिशेब आहे. ट्रॅक्टर २० च्या वेगाने आणि मुलगा ५० च्या वेगाने जात असेल, तर मागे राखलेले अंतर, ट्रॅक्टर व दोन ट्रॉल्यांची लांबी आणि पुढे आत येण्याची जागा धरून सुमारे ५० मीटरांचे अंतर कापायला ६ सेकंद लागतात. तेवढ्यात तो स्वतः ८३ मीटर गेलेला असतो आणि समोरून ६० ने येणारी जीप १०० मीटर आलेली असते. म्हणजे समोर जवळजवळ २०० मीटर रस्ता स्वच्छ दिसत असल्याशिवाय ओलांडायला निघूच नये. घाटातल्या वळणावर २०० मीटर कुठेच दिसत नाहीत.

घरी काय शिकवावे

लर्निंग लायसन ६ महिने चालते आणि ते मिळाल्यावर ३० दिवसांनी पक्क्या परवान्याच्या चाचणीला बसता येते. बहुतेक जण एकतिसाव्या दिवशी आरटीओला जातात. जमल्यास तसे करू नये. सहा महिने पूर्ण वापरावेत, कारण शिकवण्याचा अधिकृत काळ एवढाच आहे. या काळात गाडीच्या पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' लागतो, आणि दुचाकीवर शिकवणारा परवानाधारक सोडून दुसऱ्या कोणाला मागे बसवता येत नाही.

दोन सराव मला विशेष उपयोगाचे वाटतात. पहिला ब्रेकचा. रविवारी सकाळी मोकळ्या मैदानात किंवा रहदारी नसलेल्या सपाट जागेत दोन विटा समोरासमोर ठेवून फाटक बनवावे. मुलाने ताशी २० च्या वेगाने यावे, विटांमधून पुढचे चाक जाताक्षणी ब्रेक दाबावेत आणि थांबल्यावर तिथून विटांपर्यंतचे अंतर स्वतः पावलांनी मोजावे. मग ३०, मग ४०. चाळीसला पावले विसाच्या जवळपास चौपट होतात, आणि हे त्याच्या पायांना कळते. नवख्यांना पुढच्या ब्रेकची भीती असते, कारण 'पुढचा दाबला की गाडी उलटते' असे कोणीतरी सांगितलेले असते. खरे तर थांबताना वजन पुढच्या चाकावर येते आणि थांबवण्याचे मोठे काम तेच चाक करते. दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा झटक्याने न ओढता वाढत्या जोराने दाबणे, हे हाताला बसले पाहिजे. खडी किंवा वाळू असेल आणि गाडी वळणात वाकलेली असेल, तर मात्र पुढचा ब्रेक जोरात दाबू नये.

दुसरा सराव बोलण्याचा. वडील किंवा मोठा भाऊ मागे बसलेला असताना मुलाने पुढे दिसणारा प्रत्येक संभाव्य धोका मोठ्याने सांगत गाडी चालवावी: 'डावीकडे शाळा, सुटायची वेळ झाली आहे. पुढे गतिरोधक असावा, पट्टे दिसत नाहीत पण समोरच्या रिक्षाचा लाल दिवा लागला. उजवीकडचा म्हातारा रस्त्याकडे न बघता फोनवर बोलतो आहे.' पहिल्या दिवशी मुलगा अर्धा वेळ गप्पच असतो, कारण त्याला सांगण्यासारखे काही दिसत नसते. मागच्याने शेरे न मारता, त्याला न दिसलेले तेवढे सांगावे. महिनाभरात ही बडबड वाढते, आणि ती वाढणे हाच प्रगतीचा पुरावा आहे.

पायरीपायरीने मोकळीक

न्यूझीलंडने १९८७ साली तरुण चालकांसाठी टप्प्याटप्प्याचा परवाना आणला: आधी शिकाऊ, मग बंधनांचा, मग पूर्ण. मधल्या टप्प्यात रात्री १० ते पहाटे ५ गाडी चालवायची असेल किंवा कोणाला सोबत घ्यायचे असेल, तर अनुभवी चालक बरोबर हवा. नंतर ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि अमेरिकेतल्या राज्यांनी अशा पद्धती स्वीकारल्या, आणि अमेरिकेत १६ वर्षांच्या चालकांचे अपघात त्यामुळे लक्षणीयरीत्या कमी झाले. आपल्याकडे परवाना एकदा हातात आला की त्याच रात्री दोघांना मागे घेऊन घाट चढायला निघणाऱ्याला वयाच्या दृष्टीने कायदा अडवत नाही (तिसऱ्याबद्दल अडवतो, इतकेच). म्हणून हे टप्पे घरानेच घालावेत.

मला योग्य वाटणारा क्रम असा. परवान्यानंतरचे पहिले तीन महिने फक्त दिवसा, फक्त ओळखीच्या रस्त्याने, मागे कोणी नाही, किंवा असलेच तर घरातले मोठे माणूस. त्यानंतर संध्याकाळची वेळ आणि बेळगाव शहरातली गर्दी, म्हणजे चन्नम्मा चौक, गोवावेस वगैरे. सहा महिन्यांनी एक मित्र मागे, तोही हेल्मेट घालणारा. पुणे-बंगळुरू महामार्ग, घाट आणि रात्रीचा प्रवास यांना एक पावसाळा निघाल्यानंतर परवानगी. महामार्गाबद्दल एक गोष्ट अगदी पहिल्या दिवशी सांगावी: पुढचे वळण लांब आहे म्हणून काकती किंवा हत्तरगीजवळ उलट दिशेने सेवा रस्त्यावरून येणारी जी माणसे रोज दिसतात, त्यांत आपल्या घरातले कोणी असता कामा नये. अर्थात, वडील स्वतः तसेच जात असतील तर हे सांगून उपयोग नाही.

यातल्या तारखा आणि टप्पे घरागणिक बदलतील, पण ते आधी, शांतपणे, मुलाच्या संमतीने ठरलेले असावेत. भांडणाच्या दिवशी काढलेली किल्ली ही शिक्षा वाटते. आधीच ठरलेल्या टप्प्याबद्दल मुले कुरकुरतात, पण बहुतेक पाळतात.

हेल्मेटवर फार लिहायची गरज नसावी, तरी एवढे सांगतो. अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर असे दिसले आहे की मोटरसायकलस्वाराच्या मृत्यूचा धोका हेल्मेटमुळे सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. हा फायदा आयएसआय चिन्हाच्या, पट्टा लावलेल्या हेल्मेटचा आहे. रस्त्याकडेला मिळणारी टोपीवजा अर्धी कवचे पोलिसासाठी असतात. दुकानात पट्टा लावून मागच्या कडेने हेल्मेट पुढे ओढून पाहावे. निघून आले तर अपघातात ते डोक्याच्या आधी रस्त्यावर पडेल. आतला थर्माकोलसारखा थर एकदाच दबण्यासाठी असतो, म्हणून अपघातात आपटलेले हेल्मेट, बाहेरून धड दिसले तरी, पुन्हा वापरू नये. मागे बसणाऱ्यालाही ते सक्तीचे आहे. फोन खिशात न ठेवता डिकीत किंवा बॅगेत ठेवावा. खिशात थरथरला की हात जातोच.

शेवटची गोष्ट फोनवरच्या एका बोलीची आहे. मित्राच्या लग्नाला किंवा गावच्या यात्रेला गेलेल्या मुलाला रात्री उशीर झाला, त्याला झोप येऊ लागली, किंवा ज्याच्या गाडीवर यायचे होते तो प्यायला, तर बाबा रागावतील म्हणून तो तसाच निघतो. (रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य हा गुन्हा आहे, गोव्याच्या हद्दीतही आणि आपल्याही.) अशा वेळी त्याने घरी फोन करायचा, आणि घरातल्याने 'कुठे आहेस' एवढेच विचारून न्यायला जायचे, किंवा 'तिथेच झोप' म्हणायचे, जाब विचारायचा तो दुसऱ्या दिवशी. अपघात झालाच तर आधी ११२ किंवा १०८ ला, मग घरी फोन, हा क्रमही त्याला पाठ असावा. रस्त्यावर दुसऱ्या कोणाला मदत करायला थांबले तर पोलीस अडकवतील, ही भीती आता धरू नये: कायद्याच्या कलम १३४अ प्रमाणे सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. जखमीसाठी २०२५ पासून केंद्राची योजनाही आहे, तीत नेमलेल्या रुग्णालयांत अपघातापासून ७ दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता होतात. घरातल्या निदान एकाने मात्र आपला फोन रात्री सायलेंटवर ठेवू नये.